परदेशात हलाल शोधत फिरायचं की सरळ मासे खायचे? (लिस्बनचा अनुभव)

मडगावकर
जूनमध्ये अम्मीच्या पोर्तुगीज नागरिकत्वाच्या कागदपत्रांसाठी आठ दिवस लिस्बनला होतो. तिचा जन्म १९६१ च्या आधीचा, गोव्यात ज्यांच्या घरी हे प्रकरण आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पहिले तीन दिवस मी फोन हातात धरून हलाल कुठे मिळतं तेच शोधत होतो, काम एकीकडे, खोली दुसरीकडे आणि जेवण तिसरीकडेच, आणि लिस्बन म्हणजे सगळे चढउतार, पायाखाली गुळगुळीत दगड, अम्मीचे गुडघे दुखायला लागले. तिसऱ्या दिवशी ती एका पायरीवर बसली आणि म्हणाली, "पुता, मला भाजलेलं निस्तें दे, पुरे झालं." समोरच कोळशावर सार्डिन भाजत होते, म्हणजे आपले तारले, सोबत उकडलेले बटाटे आणि ऑलिव्ह तेल. पोटभर जेवली. पुढचे पाच दिवस मासेच. आम्ही शाफई (सुन्नींचा एक पंथ), समुद्रातलं सगळं चालतं. माझं स्पष्ट मत, परक्या गावात आठ दिवस मटण-चिकन सोडायचं, म्हाताऱ्या माणसाला पायपीट करायला लावायची नाही.

वास्कोची सून
अम्मींचं वाईट वाटलं पण तुमचं मत मला पटत नाही. मासे म्हटलं की सुटलो असं वाटतं आणि फसायला होतं ते तिथेच. तिथे तिसऱ्यांची (शिंपल्यांची) जी प्रसिद्ध डिश आहे, आमेइजुआश आ बुल्याव पातु, तिच्यात बहुतेक ठिकाणी व्हाइट वाईन घालतात. काल्दु व्हेर्द नावाचं हिरवं सूप, नावावरून पालेभाजीचं वाटतं, वर शोरीसूची, म्हणजे डुकराच्या सॉसेजची, चकती तरंगत असते, आपल्या चवरीसाचीच मोठी बहीण. पावातही तेच भरलेलं मिळतं. काही जुन्या गोड पदार्थांत डुकराची चरबी असते. आल्येइरा नावाचं सॉसेज तर ज्यूंनी डुक्कर टाळायला काढलं असं सांगतात, ब्रेड आणि कोंबडी घालून, पण आता कित्येकांत डुक्कर असतं. म्हणजे प्रत्येक टेबलावर विचारावंच लागतं. त्यापेक्षा एकदाच शोधून जिथे विचारावं लागत नाही तिथे निवांत बसलेलं काय वाईट? माझी दोन लहान मुलं आहेत, काट्यांचे मासे खात नाहीत ती.

फोंडेकर
मी हिंदू आहे, चुकीचं बोललो तर सांगा. ज्या गावी गेलो तिथलं खावं असं मला वाटतं. पोर्तुगालला जाऊन बिर्याणी आणि कबाबच खाल्ले तर गाव कळलं काय?

वास्कोची सून
भाऊ, तुमच्या घरी सोमवारी निस्तें न खाणारं कोणी असेलच. ती बाई सोमवारी लिस्बनला असती तर तिला तुम्ही म्हणाला असता का, की आज तिथलं खा, उपास उद्या कर?

फोंडेकर
नसतो म्हणालो. माझी आईच पाळते सोमवार. मानलं, हा विचार केला नव्हता.

बार्देशचा
एक मुद्दा राहतोय. सूरह माइदाच्या पाचव्या आयतीत किताबवाल्यांचं, म्हणजे ज्यू-ख्रिश्चनांचं, अन्न हलाल सांगितलंय. पोर्तुगाल ख्रिश्चन देश. डुक्कर आणि दारू सोडून त्यांची कोंबडी का चालू नये? आमचे चुलते कित्येक वर्षं युरोपात याच आधारावर खात आले.

मडगावकर
हे मला मान्य नाही. युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे जनावर आधी बेशुद्ध करायचं असतं, धार्मिक कत्तलीला तेवढी सूट आहे. साध्या दुकानातलं मांस त्या सूटीतलं नसतं, त्यावर बिस्मिल्ला म्हटलं गेलं की नाही कोण सांगणार? बेशुद्ध करूनही चालतं असं म्हणणारे उलेमा आहेत, नाही म्हणणारेही आहेत. मग शंका असलेलं खायचंच कशाला, समोर मासे असताना? मजबुरी तर मुळीच नाही.

लिस्बनवासी, मूळ कुंकळ्ळी
मी इथेच राहतो म्हणून लिहितो. तुम्ही भलतीकडे शोधत होता. मार्तिं मोनीज मेट्रोला उतरायचं, ग्रीन लाइन, बाजूलाच बेन्फोर्मोझु नावाची गल्ली, बांगलादेशी दुकानं, हलाल खाटीक, खाणावळी, सगळं ओळीने. हा भाग मोरारियाला लागून. ११४७ मध्ये ख्रिश्चन राजाने मुसलमानांकडून लिस्बन जिंकल्यावर इथल्या मुसलमानांना राहायला जी वस्ती दिली ती मोरारिया, आणि आज तिथेच अजान ऐकून आलेली माणसं जेवायला बसतात, मला हे दर वेळी आठवतं आणि गळा भरून येतो. सेंट्रल मशीद प्रासा द एस्पान्या भागात आहे, १९८५ ची. इथल्या जुन्या मुस्लिम लोकांत मोझांबिकहून आलेले गुजराती मुळाचे पुष्कळ, १९७५ नंतर आलेले. शुक्रवारी नमाजानंतर कोणालाही विचारा, जेवण कुठे ते प्रेमाने सांगतात. आणि फोंडेकर, इथे समोशाला चामुसा म्हणतात, शहरभर मिळतो, आता तो बिर्याणीवाल्यांचा की पोर्तुगालचा ते तुम्हीच ठरवा. मात्र आत काय भरलंय ते विचारूनच घ्या.

मडगावकर
ही माहिती आधी मिळाली असती तर अम्मीचे तीन दिवस वाचले असते. आणि ताई, अम्मीने तिथे दोनदा तिसऱ्या खाल्ल्या. वाईनचं मी विचारलंच नाही. तुमचं वाचल्यापासून तेच डोक्यात आहे. मासे खावेत हे मत माझं बदललेलं नाही, पण विचारल्याशिवाय खावेत असं आता म्हणणार नाही.

वास्कोची सून
माहीत नव्हतं त्याचा गुन्हा नाही, मनाला लावून घेऊ नका. दोन शब्द पाठ करा, सें पोर्कु आणि सें वीन्यु, डुकराशिवाय आणि वाईनशिवाय. कागदांसाठी परत जावं लागलं तर खोली मार्तिं मोनीजजवळच घ्या, चूल असलेली. घरून मसाला न्या, सुकं मटण मात्र नेऊ नका, बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपात आणू देत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. मसाला नेलात तर अम्मींना तिथल्या तारल्यांचं हुमण (आपली माशाची आमटी) करता येईल.