स्टॅट फाइलमधून एकाच प्रोसेसची मेमरी ५३ जीबी का येते?

प्रश्न

लिनक्सवर दर दोन सेकंदांनी प्रत्येक प्रोसेसचा सीपीयू आणि मेमरी लिहून ठेवणारा छोटा प्रोग्राम सीमध्ये लिहितोय. /प्रॉक या डिरेक्टरीत कर्नल (सिस्टमचा गाभा) चालू प्रोसेसची माहिती दाखवतो. तिथे प्रोसेसच्या आकड्यांच्या नावाच्या ज्या डिरेक्टऱ्या असतात, त्यांतली स्टॅट फाइल वाचतो आणि स्पेस दिसली की तोडतो. १४वं आणि १५वं फील्ड मिळून सीपीयूचा वेळ, २४वं गुणिले ४०९६ म्हणजे मेमरी. बाकी सगळ्या प्रोसेसचे आकडे पीएसशी (प्रोसेसची यादी दाखवणारी आज्ञा) जुळतात. फक्त टीमक्सचा (एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रं चालवणारा प्रोग्राम) सर्व्हर ५३ जीबी खातोय असं येतं, आणि मशीनमध्ये रॅमच ८ जीबी आहे! त्याचा सीपीयूही जवळजवळ हलत नाही. दोन रात्री यातच गेल्या.

शिवाय एलएस या फाइलची यादी देणाऱ्या आज्ञेत या फाइलचा आकार शून्य दिसतो. मग वाचताना मजकूर येतो कुठून?

उत्तर १

तुमचं गणित बरोबर आहे, तोडणं चुकतंय. स्टॅटमधली ती ओळ कॅटने (फाइल जशीच्या तशी दाखवणारी आज्ञा) एकदा डोळ्यांनी बघा. सुरुवात अशी दिसेल:

४८१२ (टीमक्स: सर्व्हर) एस १ ...

दुसरं फील्ड म्हणजे प्रोसेसचं नाव, आणि त्या नावातच एक स्पेस आहे. त्यामुळे तिथून पुढचं सगळं एका घराने सरकलं. तुम्ही २४वं म्हणून जे उचलता ते खरं तर २३वं, म्हणजे व्हर्च्युअल मेमरी (प्रोसेसने राखलेली पत्त्यांची एकूण जागा), आणि ती बाइटमध्ये असते. २४वं, म्हणजे प्रत्यक्ष वापरातली रॅम, पेजमध्ये (मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत) असतं. एक कोटी तीस लाखांच्या आसपासचे बाइट तुम्ही वर आणखी ४०९६ ने गुणले, म्हणून ५३ जीबी. सीपीयूचं तसंच: १४व्याच्या जागी १३वं आलं, आणि ते आहे संपलेल्या चाइल्ड प्रोसेसच्या मेजर पेज फॉल्टची (पेज डिस्कवरून आणावं लागण्याची) मोजणी. ती कशाला हलेल?

आता इथेच थांबू नका, कारण पुढचा खड्डा मी स्वतः खाल्लाय. मी नाव कंसात असतं म्हणून पहिला बंद कंस शोधून त्यापुढे वाचायला लागलो. बरेच महिने चाललं. मग सिस्टमडीची (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) एक प्रोसेस आडवी आली, जिच्या नावातच कंस आहेत. स्टॅटमध्ये ती ((एसडी-पॅम)) अशी दिसते. कर्नल नावातल्या कंसांना एस्केप करत नाही, म्हणजे वेगळी खूण लावत नाही. म्हणून शेवटचा बंद कंस शोधा, ओळीच्या मागून. त्यापुढे फक्त एक अक्षर आणि आकडे असतात, तिथे स्पेसवर तोडणं सुरक्षित आहे.

आकार शून्य दिसतो कारण डिस्कवर ती फाइल नाहीच. तुम्ही रीड करता त्या क्षणी कर्नल आपल्या रचनांमधून ती ओळ तयार करतो. म्हणून मोठा बफर घेऊन एकाच रीडमध्ये वाचा, तुकड्यातुकड्यांत नको. आणि ४०९६ व १०० हे आकडे कोडमध्ये पक्के लिहू नका, पेजचा आकार आणि सेकंदाचे टिक (सीपीयूचा वेळ मोजायचं एकक) सिसकॉन्फ या फंक्शनला विचारा.

उत्तर २

२२वं फील्डही साठवा, प्रोसेस सुरू झाल्याची वेळ असते ती. पीआयडी (प्रोसेसचे आकडे) पुन्हा वापरले जातात. बऱ्याच जुन्या मशीनवर ३२७६८ च्या आतच फिरत राहतात. दोन वाचनांमध्ये जुनी प्रोसेस मेली आणि त्याच आकड्यावर नवी आली, तर सीपीयूचा फरक उणेही येऊ शकेल. पीआयडी आणि सुरुवातीची वेळ, दोन्ही जुळले तरच तीच प्रोसेस समजा.

प्रश्नकर्ता

शेवटच्या कंसाने काम झालं, ४ एमबी आले, पीएसशी जुळले. दोघांचेही मनापासून आभार. पण मजकूरच का? कर्नलने सरळ एक स्ट्रक्चर भरून दिलं असतं तर हे झालंच नसतं.

उत्तर १

स्ट्रक्चरचेही हाल झालेत. जुन्या युनिक्सवर पीएस थेट /डेव्ह/केमेम (कर्नलची मेमरी दाखवणारी फाइल) उघडायचं, कर्नलच्या सिम्बॉल टेबलमधून (नावं आणि पत्त्यांची यादी) प्रोसेस टेबलचा पत्ता काढायचं आणि कच्चे बाइट वाचायचं. त्यासाठी कर्नलची अख्खी मेमरी वाचायचा अधिकार एका साध्या यादीच्या प्रोग्रामला द्यावा लागे. वर कर्नलमधलं स्ट्रक्चर बदललं की जुना पीएस निकामी. १९८४ मध्ये बेल लॅब्जच्या टॉम किलियन यांनी प्रोसेसच फाइल म्हणून दाखवायची कल्पना मांडली. तेव्हा एका प्रोसेसची एक फाइल होती. बेल लॅब्जच्याच प्लॅन ९ या नंतरच्या ऑपरेटिंग सिस्टमने तिची डिरेक्टरी केली, आत वाचता येईल असा मजकूर ठेवला, आणि लिनक्सचा /प्रॉक त्याच वळणाचा आहे. मला हे फार मोलाचं वाटतं: बिघडलेल्या मशीनवर दुसरं काही नसलं तरी कॅट असतोच. आणि नवी फील्ड शेवटी जोडली जातात, त्यामुळे आज ५२ झाली तरी तुमचं २४वं २४वंच आहे.

मॅकओएसवर मात्र /प्रॉक नाही, तिथे सिसकंट्रोल हा कॉल किंवा लिबप्रॉक ही लायब्ररी वापरावी लागेल.

उत्तर ३

नावाबद्दल एक राहिलं. स्टॅटमधलं नाव १५ बाइटला कापलेलं असतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे पाच चिन्हांत संपलं. पूर्ण आज्ञा हवी तर त्याच डिरेक्टरीतली सीएमडीलाइन फाइल वाचा. तिथे शब्दांमध्ये स्पेस नसून शून्य बाइट असतो. ती सहसा कुणालाही वाचता येते, आणि लोक आज्ञेतच पासवर्ड देतात. तुमच्या लॉगमध्ये ते उतरतील, तेव्हा लॉगची परमिशन ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा.