1600 किमी पळणारे कुत्रे झोपतात कधी?

कोथरूडकर_77:
काल झोप येत नव्हती म्हणून अलास्कातल्या इडिटारोड रेसचे व्हिडिओ बघत बसलो, कुत्रे जुंपलेली स्लेड (बर्फावरची घसरगाडी) पळवतात ती. अँकरेज ते नोम, साधारण 1600 किमी बर्फातून, आणि जिंकणारे नऊ-दहा दिवसांत पोचतात. कुत्रे झोपतात कधी? आणि स्लेडवरच्या माणसाच्या हातात लगाम-बिगाम काहीच नाही, वळवतो कसा? आमच्या खालच्या मजल्यावरचा हस्की सकाळी आठनंतर एसी सोडून जिन्यापर्यंत येत नाही राव.

सायकलवाला:
लगाम नसतोच, सगळं तोंडी. 'जी' म्हणजे उजवीकडे, 'हॉ' म्हणजे डावीकडे, ऐकायचं काम पुढच्या लीडर कुत्र्यांचं. स्लेडच्या अगदी पुढची जोडी दणकट लागते, वळणावर सगळा ताण त्यांच्यावर येतो.
झोपेचं म्हणशील तर पाच-सहा तास पळायचं आणि साधारण तेवढाच आराम, रात्र असो की दिवस. शिवाय सक्तीचे थांबे, एक 24 तासांचा आणि दोन 8 तासांचे. वारीसारखं समज, मुक्काम ठरलेले, सामान आधीच पुढे गेलेलं, फक्त इथे पोचल्यावर आयती भाकरी नाही. चालवणारा मशर स्वतःच बर्फ वितळवणार, खायला घालणार, कुत्र्यांच्या पायातले मोजे काढून एकेक पंजा बघणार, 16 कुत्रे असले तर 64 पंजे, आणि मग उरलंच तर तासभर आडवा होणार. झोपेचे हाल माणसाचे होतात.

माऊ_भूभू:
या रेसमध्ये कुत्रे मेलेत, ते पण लिहा की.

सायकलवाला:
मेलेत, खरंय, आणि त्यावरून तिकडेही वाद चालू असतो. चेकपॉइंटला व्हेट असतात, दमलेला किंवा लंगडणारा कुत्रा तिथेच सोडायचा, तो विमानाने परत, बदली कुत्रा मिळत नाही. शेवटी किमान 5 कुत्रे जुंपलेले पाहिजेत. म्हणून पहिल्या दिवशी सुसाट सोडणारा पुढे बोंबलतो.

भटका_पुणे:
1978 ची फिनिश शोधा. पावणेपंधरा दिवस पळून डिक मॅकी फक्त 1 सेकंदाने जिंकला, पहिलं नाक कुठल्या कुत्र्याचं पोचलं त्यावर!! आणि सगळ्यात शेवटी येणाऱ्याला लाल कंदील देतात, मला तो जास्त आवडतो.
बाकी तुमच्या खालच्या हस्कीला नावं ठेवू नका, रेसमध्ये बहुतेक अलास्कन हस्की असतात, मिक्स ब्रीड, सडपातळ, दिसायला आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांसारखेच. दिवसाला 10,000 कॅलरी लागतात त्यांना, त्यात चरबी भरपूर.

कोथरूडकर_77:
खाण्याच्या बाबतीत आमचा खालचा तयारीत आहे.