पडद्यावरचे मनात राहिलेले : आपले अनुभव लिहा

उंबरठा

गेल्या मंगळवारी रात्री माझी नऊ वर्षांची मुलगी अंथरुणातून तीन वेळा उठली आणि दाराची कडी हाताने चाचपून परत आली. तिसऱ्या वेळी मी तिला जवळ घेऊन कारण विचारले, तेव्हा ती अगदी गंभीरपणे म्हणाली, "बाबा, बातम्यांमध्ये रोज कोणाच्या तरी घरी चोर येतात. आपल्याकडे अजून आले नाहीत, म्हणजे आता आपलीच पाळी असणार ना?"

तिच्या या हिशेबाने मला थेट माझ्या दहाव्या वर्षात नेऊन सोडले. गुन्ह्यांच्या खऱ्या घटना नाट्यरूपाने दाखवणारा एक कार्यक्रम तेव्हा आमच्या घरी नेमाने लागत असे. त्याच्या एका भागात विजेचे मीटर तपासायला आलेला माणूस घरातल्या एकट्या बाईला बांधून ठेवतो, असे दाखवले होते. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे मीटर पाहणारा माणूस आला की मी छत्री पाठीमागे लपवून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहत असे. तो आकडे लिहून घेई, आईशी दोन शब्द बोलून निघून जाई, आणि जिन्यावरचा त्याच्या चपलांचा आवाज पूर्ण विरेपर्यंत माझी मूठ सैल होत नसे. आईला हे कधीच कळले नाही. मीही सांगितले नाही, कारण त्यात सांगण्यासारखे काही आहे असे मला वाटतच नव्हते. जग असेच असते, अशी माझी समजूत झाली होती.

पुढे जॉर्ज गर्बनर यांच्या कामाविषयी वाचले. अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरचित्रवाणीवरील हिंसा वर्षानुवर्षे मोजली. सतत टीव्ही पाहणारा माणूस हिंसक होईलच असे नाही, पण त्याला जग आहे त्याहून अधिक धोक्याचे वाटू लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते वाचताना मला छत्री घेऊन उभा असलेला तो मुलगा दिसला.

टीव्ही असो वा फोन, पडद्यावरचे असे काय तुमच्या किंवा घरातल्यांच्या मनात घर करून राहिले आणि त्याने वागणे कसे बदलले, ते कृपया लिहा. चांगले अनुभवही हवे आहेत.

काजवा

कडी चाचपण्याचा प्रकार आमच्याकडेही झाला, फक्त चाचपणारे माझे वडील होते आणि त्यांचे वय एकाहत्तर होते. निवृत्तीनंतर सकाळी सातला सुरू झालेली वृत्तवाहिनी रात्री दहापर्यंत चालू राहू लागली. आधी त्यांचे संध्याकाळचे फिरणे बंद झाले, मग शेजारच्या काकांशी वाद झाला आणि शेवटी "अंधार पडल्यावर घराबाहेर पडू नकोस" असे फोन मला रोज येऊ लागले.

भांडून उपयोग होत नाही हे कळल्यावर एका रविवारी मी कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्या शेजारी बसले. मारहाणीची एक चित्रफीत लागली की मी एक रेघ ओढत असे. तासाभरात अकरा रेघा झाल्या. मी काही न बोलता कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर सरकवून तो बराच वेळ पाहिला आणि विचारले, "म्हणजे घटना एकच होती?"

टीव्ही बंद झालेला नाही, पण फिरायला जाणे पुन्हा सुरू झाले आहे.

शाईचा डाग

काजवाताई, त्या अकरा रेघा ओढायला लावणाऱ्यांपैकी मी एक होतो. एका वृत्तवाहिनीत आठ वर्षे काम केले. चोवीस तास भरायचे असतात आणि नवी दृश्ये मात्र थोडी हाती येतात, त्यामुळे ज्या दृश्यात धावपळ, आरडाओरडा किंवा रडणे आहे ते पुन्हा पुन्हा फिरवले जाते. कोणत्या मिनिटाला प्रेक्षक वाहिनी बदलून गेले याचे आकडे पुढे समोर येतात आणि बैठकीत त्यांचीच चर्चा होते. तिथे बसलेला कोणी दुष्ट नसतो. प्रत्येक जण आपल्या मिनिटाची काळजी करत असतो आणि त्या सगळ्या मिनिटांचे मिळून दिवसाला काय होते, हे पाहणे कोणाच्याच कामात लिहिलेले नसते.

एक गोष्ट मला आजही सोडत नाही. एका विद्यार्थ्याने आत्महत्या केली होती आणि आम्ही ती बातमी दोन दिवस चालवली. त्याचा फोटो, त्याची चिठ्ठी आणि शोकाकुल घर, सगळे दाखवले. दुसऱ्या दिवशी एका शिक्षिकेचा फोन आला. त्या शांतपणे म्हणाल्या, "माझ्या वर्गात त्याच वयाची मुले आहेत आणि त्यांतली दोन मुले मला आज फार गप्प वाटत आहेत. तुम्ही हे थांबवू शकता का?" ते थांबवण्याचा अधिकार मला नव्हता, पण मागणी वरपर्यंत नेण्याचे धैर्यही मी दाखवले नाही.

ऑस्ट्रियात १९८७ मध्ये आत्महत्यांच्या बातम्या कशा द्याव्यात याबद्दल पत्रकारांना सूचना देण्यात आल्या, व्हिएन्नाच्या वृत्तपत्रांनी भडक वर्णने टाळली आणि त्यानंतर तिथल्या भुयारी रेल्वेतील आत्महत्यांची संख्या लक्षणीयरीत्या घटली, हे मी नोकरी सोडल्यावर वाचले. ते आधी वाचले असते तर बैठकीत निदान तोंड उघडले असते.

मोरपीस

मी एकोणीस वर्षांची आहे, इथे सहसा फक्त वाचते. आज लिहिते.

माझ्या फोनच्या कॅमेऱ्यात एक सोय होती, तिने चेहरा आपोआप थोडा निमुळता आणि नितळ होत असे. दोन वर्षे मी माझा फोटो त्याशिवाय काढलाच नाही. एकदा मैत्रिणीने तिच्या साध्या कॅमेऱ्याने माझा फोटो काढून मला दाखवला आणि क्षणभर मला खरोखर वाटले की तिच्या कॅमेऱ्यात काहीतरी बिघाड आहे. त्या रात्रीपासून मी जेवण कमी केले. पुढचे सात महिने मी इथे लिहिणार नाही, एवढेच सांगते की आई माझे ताट पाहून रडत असे आणि मला तिचा राग येत असे.

ज्या समुपदेशक ताईंकडे मी जात होते त्यांनी मला उपदेश केला नाही, एक अभ्यास सांगितला. फिजी बेटांच्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही नव्यानेच पोहोचला होता. ॲन बेकर या संशोधिकेने तेव्हा तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली आणि १९९८ मध्ये पुन्हा केली. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी पहिल्या पाहणीत आढळली नव्हती. तीन वर्षांनी हे प्रमाण ११.३ टक्के झाले होते आणि ७४ टक्के मुलींना आपण फार जाड आहोत असे वाटू लागले होते. भरलेले अंग चांगले मानणाऱ्या समाजात हे घडले. त्या मुलींकडे ना फोन होता, ना चेहरा निमुळता करणारा कॅमेरा.

हे ऐकून मला इतके हलके वाटले की मी तिथेच रडले. दोष माझ्या चेहऱ्यात नाही आणि मी मूर्खही नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा पटले.

उंबरठा

मोरपीस, तू लिहिलेस याबद्दल मनापासून आभार. आईला हा धागा दाखवावासा वाटला तर जरूर दाखव.

पाऊलवाट

सगळा दोष टीव्हीच्या माथी मारला जाईल अशी भीती वाटते, म्हणून माझ्या आईविषयी लिहितो.

आईची शाळा चौथीत सुटली होती आणि वाचणे जवळपास विसरले होते. मालिका संपल्यावर पडद्यावरून वर सरकत जाणारी नावे ती बोटाने हवेत गिरवत असे. आधी एक अक्षर हाती लागायचे आणि बाकीची निसटून जायची. काही महिन्यांनी पूर्ण नाव वाचून होई, आणि ती आमच्याकडे वळून पाही. पुढे एका मालिकेत चाळिशीतली नायिका परीक्षेला बसली. तो भाग पाहून आईने काही न बोलता टीव्ही बंद केला आणि दुसऱ्या दिवशी मला विचारले, "मला घेतील का रे?" बेचाळिसाव्या वर्षी ती दहावी झाली.

आईच्या निमित्ताने शोधताना ब्राझीलवरचा एक अभ्यास वाचनात आला. तिथल्या लोकप्रिय मालिकांमधल्या नायिकांना बहुधा मूल नसे किंवा एखादेच असे, आणि ज्या भागांत त्या वाहिनीचे प्रक्षेपण पोहोचले तिथल्या स्त्रियांमध्ये जन्मदर घटला, असे अभ्यासकांना आढळले. कोणीही कुटुंब लहान ठेवा असे सांगितले नव्हते. वेगळे जगणे शक्य आहे एवढे रोज संध्याकाळी डोळ्यांसमोर दिसत होते. मोरपीसने लिहिलेली ताकद आणि ही ताकद एकच आहे, असे मला वाटते.

काजवा

पाऊलवाट, आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना कोणता विषय सर्वांत जड गेला?

पाऊलवाट

गणित. ती म्हणायची, "त्या बाईचा सगळा अभ्यास एका गाण्यात उरकला रे, माझा मात्र दोन वर्षे चालला." पहिल्यांदा नापास झाली तेव्हा ती फार खचली होती, कारण मालिकेत नापास होण्याचा भागच नव्हता.

कवडसा

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. गेल्या महिन्यात अडीच वर्षांचा एक मुलगा आला. त्याला रंगांची नावे, आकड्यांची गाणी, सगळे पाठ होते, तेही परक्या भाषेत आणि परक्या हेलात. पण तहान लागली की तो आईचा हात धरून नळाकडे ओढत नेई. "पाणी" हा शब्द त्याच्याकडे नव्हता. शब्द भरपूर होते, ते कोणाला तरी म्हणायचे असतात हे त्याला ठाऊक नव्हते.

पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मी पालकांना नेहमी सांगते. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली गेली. ज्यांच्याशी माणूस समोर बसून खेळला आणि बोलला त्यांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. ज्यांनी तेच बोलणे पडद्यावर पाहिले ती काहीच शिकली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जे मार्गदर्शन दिले, त्यातही एका वर्षाच्या आतील बाळांना पडदा नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक नको, असेच म्हटले आहे.

दिवेलागण

कवडसाताई, हे सगळे मान्य आहे, पण मी मुलाला एकटी वाढवते. तो पडद्यासमोर असतो त्याच वेळात माझी अंघोळ, भांडी आणि कार्यालयाची उरलेली कामे होतात. प्रत्येक लेखात तो तास माझा गुन्हा म्हणून मोजला जातो. त्या तासात माझ्या जागी कोण बसणार, हे मात्र कोणी लिहीत नाही.

कवडसा

दिवेलागण, तुमचे म्हणणे खरे आहे आणि आमच्या व्यवसायातली माणसे ते पुरेसे ऐकत नाहीत. त्या मुलाच्या आईलाही मी अपराधी ठरवले नाही. तिच्या घरी आजारी सासूबाई होत्या. आम्ही एवढेच ठरवले की भांडी घासताना तिने आतूनच विचारायचे, "आता कोण आले रे? ससा का?" आणि त्याने उत्तर दिले नाही तरी स्वतःच "हो, ससा आला" असे म्हणायचे. आपोआप पुढचा भाग सुरू होण्याची सोयही बंद केली, म्हणजे भाग संपला की त्याला आईकडे यावेच लागे. तिसऱ्या आठवड्यात तो स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन "ससा" म्हणाला. तुमचा तास तुम्हाला लागणारच, तो ठेवा.

दिवेलागण

आपोआप सुरू होणारे भाग आत्ताच बंद केले. आभारी आहे.

पाटीपेन्सिल

वीस वर्षे शिकवतो आहे, त्यातली एकच घटना सांगतो. बसणाऱ्याच्या मागची खुर्ची ओढून त्याला पाडायचे, अशा चित्रफिती मुलांमध्ये फिरत होत्या. दोघांनी वर्गात तसे केले, एका मुलाच्या माकडहाडाला इजा झाली, दोघांना शिक्षा झाली आणि प्रकार थांबला. आम्ही शिक्षक निश्चिंत झालो. पाच महिन्यांनी खालच्या वर्गात नवीन आलेल्या एका मुलाला कोणीतरी अगदी तसेच पाडले; आणि ते करणारा माझ्या वर्गातला सर्वांत शांत मुलगा होता, ज्याच्याकडे आमचे कधी लक्षच गेले नव्हते.

अल्बर्ट बांडुरा यांचा १९६५चा प्रयोग मला तेव्हा खरा समजला. बाहुलीला मारणाऱ्या माणसाची फिल्म त्यांनी मुलांना दाखवली. त्या माणसाला शिक्षा झालेली ज्यांनी पाहिली, त्या मुलांनी त्याची नक्कल कमी केली. मात्र "जे पाहिले ते करून दाखव, बक्षीस देतो" असे म्हटल्यावर त्यांनाही सगळे तितकेच येत असल्याचे दिसले. कोणी करून दाखवले नाही, म्हणजे कोणी शिकले नाही असे होत नाही. आता दर शनिवारी शेवटचा तास मी "या आठवड्यात काय पाहिलेत?" एवढ्याच प्रश्नासाठी ठेवतो. पहिले दोन महिने तो शांत मुलगा बोलला नाही. नंतर एकदा बोलायला लागला, तेव्हा घंटा झाली तरी थांबेना.

उंबरठा

सर, तुमचा प्रश्न मी घरी उचलला. काल मुलीला छत्रीची सगळी गोष्ट सांगितली. तिने आधी विचारले, "आजीला माहीत नाही?" मग आम्ही दोघे गॅलरीत गेलो. समोरच्या इमारतींकडे पाहून ती म्हणाली, "या सगळ्या घरांत आज चोर आला नाही, हे कोणत्या बातमीत सांगतात?" माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून आम्ही दिवे लागलेल्या खिडक्या मोजू लागलो. एक्केचाळीसपर्यंत आल्यावर तिला झोप येऊ लागली. रात्री ती एकदा उठली, कडी पाहिली आणि परत येताना माझ्या खोलीत डोकावून म्हणाली, "बाबा, बेचाळिसावी आपली."