दोन कोंबड्या एकाच डालकीत खुडूक (उबवायला बसलेल्या), त्यात विकतची पिल्लं. बाकीच्या कोंबड्यांत कधी सोडायची?

पारोळ्याची सून
नमस्कार. आमच्याकडे सासूबाईंच्या पंधरा-सोळा गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. रात्री गोठ्यालगतच्या खुराड्यात, दिवसभर खळ्यात मोकळ्या. सध्या काळी आणि तांबडी दोघी खुडूक झाल्यात आणि दोघींना एकच डालकी पाहिजे. काळी अंड्यांवर बसते, तांबडी काळीच्या पाठीवर. वरून बाकीच्याही तिथंच येऊन अंडी घालून जातात, त्यामुळे कुठलं अंडं कधीचं ते कळेनासं झालंय. वेगळी जागा करू म्हटलं तर सासूबाई म्हणतात, "तिले हालावू नको, ती अंडा सोडी दी." आणि एवढ्यात ह्यांनी तालुक्याहून गिरिराज जातीची पंचवीस पिल्लं आणलीत. ती खोक्यात बल्बखाली आहेत.
मागच्या खेपेला पिल्लं खळ्यात आणली त्याच दिवशी एका म्हाताऱ्या कोंबडीनं एकाचं डोकं फोडलं. खुडूक कोंबडीला ठेवायचं कुठं, आणि पिल्लं बाकीच्यांत कधी मिसळायची? चैत्र लागलाय, पत्रा आताच हात लावू देत नाही.

भुसावळवाला
ताई, सरळ हिशेब. पिल्लं दोन महिने बंद ठेवा. मोकळी सोडली की घार, बोका, मुंगूस, तिघांची दिवाळी. आणि तांबडीला पाण्यात बुचकळून काढा नाहीतर नाकात पीस घाला, उतरते खुडूक. आमच्याकडे असंच करतात भो.

शहाद्याची जिजी
नाकात पीस घालायचं आता सोडा भाऊ. खुडूक उतरवायची तर बुडाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात ठेवायची, दाणापाणी द्यायचं. पोटाखालून वारा लागला की तीन-चार दिवसांत घरटं विसरते. पण ह्या पोरीच्या दारात पंचवीस पोरकी पिल्लं आहेत, तिनं तांबडीची खुडूक मोडायचीच कशाला?

सूनबाई, आधी अंड्यांचं बघ. तुझ्या डालकीत आजचं, परवाचं आणि दहा दिवसांचं अंडं एकत्र पडलंय. कोंबडी २१ दिवस सगळ्यांचे सारखे मोजत नाही. पहिली दोन-चार पिल्लं निघाली की ती एक-दोन दिवसांत त्यांना घेऊन उठते, मागची अंडी अर्ध्यात थंड पडतात. म्हणून रात्री अंधारात मोबाईलची बॅटरी अंड्याच्या जाड टोकाला लाव. सात दिवस झालेल्या अंड्यात लाल शिरा कोळ्याच्या जाळ्यागत पसरलेल्या दिसतात, कोरं अंडं नुसतं पिवळसर उजळतं. शिरावाली काळीखाली राहू दे, त्यांच्यावर कोळशानं खूण कर. बिनखुणेचं जे दिसेल ते रोज संध्याकाळी उचलायचं. एकीखाली दहा-बारा पुष्कळ झाली.

पुढच्या वेळी अंडी साठवून एकाच दिवशी बसव. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलेलं अंडं कोंबडीविनाच वाढायला लागतं आणि मग आत मरतं. ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यात ठेव, निमुळतं टोक खाली, आणि चार-पाच दिवसांवर जाऊ देऊ नको.

तुझ्या सासूबाईंचं अर्धं खरं आहे. दिवसा हलवली तर अंडी सोडते. रात्री डालकीसकट उचल, गोणपाट झाकून नव्या जागी ठेव, दुसरा दिवसभर अंधारच राहू दे. बहुतेक बसतात. तिची अंडी तेवढा दिवस तांबडीखाली दे आणि काळीखाली दोन फुकट जाणारी ठेव. ती नीट बसली की रात्री तिची तिला परत.

जागा पत्र्याखाली नको. गोठ्याच्या मातीच्या भिंतीला, निंबाच्या सावलीच्या बाजूला, वर पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) आणि दुपारी ओलं पोतं. चोच उघडी टाकून धापा टाकायला लागली की ती उठणार, तिचा इलाज नाही. दिवसातून एकदा ती स्वतः उठते, दादर (ज्वारी) नाहीतर मक्याचा भरडा खाते, पाणी पिते, राखेत लोळते आणि एकदाच मोठी घाण वासाची विष्ठा टाकते. ती बघून आजारी समजू नको. पाव तास, वीस मिनिटं लागली तरी अंड्यांना काही होत नाही. घरट्यात निंबाचा सुका पाला घाल आणि पंखाखाली पिसवा बघत जा. पिसवांनी अर्धी झालेली कोंबडी अंड्यांवर टिकत नाही.

आता मुख्य गोष्ट. ती जागा घराच्या पलीकडच्या खोलीत करू नको. गोठ्यातच, बाकीच्यांना दिसेल अशी, मध्ये फक्त जाळी. कोंबड्यांत कोण कुणाला टोचणार हे ठरलेलं असतं. महिनाभर नजरेआड गेलेली कोंबडी परत आली की तिला आपली जागा पुन्हा भांडून घ्यावी लागते, आणि त्या भांडणात पिल्लं पायाखाली येतात. जाळीतून रोज दिसणारी कोंबडी परकी होत नाही, पिल्लंही सगळ्यांच्या डोळ्यांत बसतात.

काळीची पिल्लं आठ-दहा दिवसांची झाली की आईसकट बाहेर काढायची. दोन महिने थांबायचं नाही, कारण तोवर आईची माया आटलेली असते. ती पुन्हा अंडी घालायला लागते, पिल्लांना स्वतःच टोचून हाकलते आणि बिनआईची पिल्लं कळपात पडतात. मार तिथं बसतो. नव्या आईचं बघावं. दुसरी कोंबडी हातभर अंतरावर आली की मानेची पिसं उभी राहतात, पंख जमिनीला घासतात, टुकटुक थांबते आणि ती सरळ अंगावर जाते. एकदा खाल्लेला मार समोरची विसरत नाही. कोंबड्याचा त्रास सहसा नसतो. फक्त काळी मुळातच सगळ्यांचा मार खाणारी असेल तर आणखी आठवडाभर जाळीआडच ठेव. आणि सोडायची ती संध्याकाळी, बाकीच्यांची पोटं भरल्यावर.

पिल्लांचं खाद्य उपड्या डालक्याखाली ठेव, डालकं विटांवर एवढंच उचल की पिल्लू आत जाईल आणि कोंबडी राहील बाहेर. अंडी घालणाऱ्या कोंबड्यांचं विकतचं खाद्य पिल्लांना पडू देऊ नको, त्यातला चुना त्यांच्या मूत्रपिंडाला बाधतो.

घारीबद्दल भुसावळचे भाऊ बोलले ते खरंच आहे. तूर नाहीतर केळीची आडोशाची जागा नसलेल्या उघड्या खळ्यात पिल्लं सोडू नये.

पारोळ्याची सून
जिजी, तुम्ही सांगितलंत ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या गप्प बसल्या, म्हणजे पटलं. पिल्लं एक दिवसाची आणली होती, आज चौथा दिवस. तांबडी दोन आठवडे तरी खुडूक आहे. तिच्याखाली चालतील का? पंचवीसच्या पंचवीस?

धुळ्याचा पशुपालक
मध्ये बोलतो. विकतची पिल्लं थेट गावरान कळपात नेऊ नका. निदान दोन-तीन आठवडे वेगळी, भांडी वेगळी, आधी कळपाला दाणा आणि मग ह्यांना. पाचव्या-सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस डोळ्यात, चौदाव्याच्या आसपास गंबोरो रोगाची. वेळापत्रक दवाखान्यातून लिहून घ्या. खालचा भुसा ओला राहिला की तिसऱ्या आठवड्यानंतर रक्ती हगवण लागते, तेव्हा पाण्याचं भांडं विटेवर ठेवा. आणि अचानक बरीच मेली तर उकिरड्यावर फेकू नका, दवाखान्यात कळवा. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ साली आपल्या नवापूरलाच सापडला होता.

शहाद्याची जिजी
बरोबर. म्हणून तांबडीला काळीपासून लांब, गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, स्वतःच्या जाळीत बसव. पिल्लं तिच्याखाली आणि सगळी मिळून वेगळी, दोन्ही कामं होतात. तीन आठवडे झाले आणि कुणी मान टाकली नाही की मग कळपाजवळची जाळी.

पंचवीस नाही जमणार, बारा-पंधरा दे. उरलेल्यांचा बल्ब आता रात्रीपुरताच लाव, दुपारी आपली हवाच त्यांना पुरते. बल्बाखाली चिकटून बसली तर गारठली, कोपऱ्यात पांगून धापा टाकत असतील तर तापली. ही बिनआईची आठ-दहा आठवड्यांची होईपर्यंत जाळीआडच, अंगानं बाकीच्यांच्या बरोबरीला आली की सोड. गिरिराज भराभर वाढतात, फार वाट बघावी लागत नाही. पण पुढं त्यातली एखादी खुडूक बसेल ही आशा धरू नको, त्या जातीत ते फारसं नाही.

चौथा दिवस म्हणजे उशीरच आहे, आजच कर. रात्री दिवा न लावता तांबडीच्या पोटाखालून दोन अंडी काढ आणि त्याच हातानं दोनच पिल्लं सरकव. ती घशातल्या घशात टुकटुक करायला लागली तर अर्ध्या तासानं बाकीची. उजाडायच्या आत जाऊन बघ. डोक्यावर टोचत असेल तर सगळी उचल आणि बल्बाखाली ने, दुसऱ्या रात्री पुन्हा हट्ट करू नको.

पारोळ्याची सून
बरं. जाळी आणायला ह्यांना पाठवते. पाऊण इंची घ्यायची का अर्धा?

शहाद्याची जिजी
अर्धा. पाऊण इंचातून उंदीर येतो.