कंटेनरमध्ये क्रोमचा टॅब मधेच कोसळतो, मदत हवी आहे

मंडळी, चार दिवस झाले, डोकं बधिर झालंय. सेलेनियमच्या (ब्राउझर आपोआप चालवून साइट तपासणारं टूल) १८० टेस्ट आहेत, लॅपटॉपवर सगळ्या हिरव्या. त्याच टेस्ट सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे अ‍ॅपसाठीच्या बंदिस्त डब्यात, चालवल्या की पाच-सहा लाल, आणि दर वेळी वेगळ्या. लॉगमध्ये 'टॅब क्रॅश्ड' एवढंच.

वेगळ्या म्हटलं खरं, पण यादी काढून बसलो तेव्हा दिसलं की बहुतेक टेस्ट अहवालाचं पान उघडतात. त्या पानावर बारा आलेख आणि खाली मारुतीच्या शेपटासारखं टेबल.

टाइमआउट वाढवून झाला, फरक शून्य. रीट्राय लावला, पण ते म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं. कंटेनरची मेमरी २ जीबीची ४ जीबी केली. वापर दीड जीबीच्या वर जातच नाही, मग मेमरी संपतेय असं तरी कसं म्हणू? क्रोम हेडलेस (खिडकी न दाखवता चालणारा) आहे, नो-सँडबॉक्स (क्रोमचं सुरक्षा-कुंपण बंद करणारा फ्लॅग) दिलेलं आहे.

अजून एक. कोसळण्याच्या आधीच्या पायरीचा स्क्रीनशॉट पाहिला, तर 'जतन करा' बटणावर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. याचा क्रॅशशी काही संबंध?

प्रतिसाद १
चौकोनांचा संबंध नाही, ते नंतर बघू. कंटेनरची मेमरी आणि शेअर्ड मेमरी (प्रोसेस आपसात वाटून वापरतात ती, म्हणजेच एसएचएम) यांच्या मर्यादा वेगळ्या असतात. डॉकर शेअर्ड मेमरीला मुळात फक्त ६४ एमबी देतो. क्रोमच्या वेगवेगळ्या प्रोसेस पानाची चित्रं एकमेकींकडे त्यातूनच सरकवतात. साधं पान निभावून जातं, तुमचे बारा आलेख नाही. अहवालाची टेस्ट चालू असताना कंटेनरमध्ये शिरून डीएफ कमांड (कुठली जागा किती भरली ते दाखवते) मारा आणि एसएचएमची ओळ बघा.

धागाकर्ता
मारली. आधी ३ टक्के, मग ४१, मग १०० आणि त्याच क्षणी टॅब खलास! चार दिवस मी भलत्याच मीटरकडे बघत होतो. आता?

प्रतिसाद १
कंटेनर सुरू करताना एसएचएम-साइज २ जीबी द्या. डॉकर कंपोझ (कंटेनरची मांडणी फाइलीत लिहायचं साधन) वापरत असाल तर सर्व्हिसखाली तीच किल्ली अंडरस्कोअरने लिहितात. ही जागा आधीच राखून ठेवली जात नाही, पण जेवढी वापराल तेवढी तुमच्या ४ जीबीतच मोजली जाते, वरची फुकट नाही. सीआयवर कंटेनरचे पर्याय बदलायची मुभा नसेल तर क्रोमला डिसेबल-डेव्ह-एसएचएम-युसेज हा फ्लॅग द्या. मग तो टेंप फोल्डरमध्ये फाइली करतो. डिस्क मंद असेल तर टेस्टही मंद, म्हणून माझी पसंती पहिल्या उपायाला.

प्रतिसाद २
नो-सँडबॉक्सबद्दल थोडं. ते लागतं कारण तुम्ही कंटेनरमध्ये रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून क्रोम चालवताय. स्वतःचंच अ‍ॅप तपासत असाल तर चालून जाईल. बाहेरच्या साइट उघडत असाल तर वेगळा युजर करा, आळस करू नका. आणि कंटेनर सुरू करताना इनिट पर्याय लावा, तो मेलेल्या प्रोसेस आवरतो; नाहीतर मेलेल्या क्रोम प्रोसेस झाँबी होऊन साचतात.

चौकोन फाँटमुळे. सडपातळ इमेजमध्ये (कंटेनर ज्या साच्यातून बनतो तो) देवनागरी फाँट नसतोच. डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) फाँट्स-नोटो-कोअर हे पॅकेज बसवा.

धागाकर्ता
दोन्ही केलं. वीस रन झाले, एकही क्रॅश नाही. 'जतन करा' वाचता येतंय. पण आता नवीनच: स्क्रीनशॉट तुलनेच्या अकरा टेस्ट लाल. मजकूर तोच, पण ओळी एक-दोन पिक्सेल खाली सरकल्यात.

प्रतिसाद २
मूळ स्क्रीनशॉट लॅपटॉपवर काढले होते ना? तिथला फाँट वेगळा, अक्षरांच्या कडा गुळगुळीत करायची पद्धतही वेगळी. सगळे मूळ स्क्रीनशॉट याच इमेजमध्ये नव्याने काढा आणि इमेजचा टॅग (आवृत्तीची खूण) पक्का करा. 'लेटेस्ट' ठेवलात तर क्रोमची आवृत्ती बदलेल त्या दिवशी पुन्हा इथेच याल.

धागाकर्ता
टॅग 'लेटेस्ट'च होता. कसं ओळखलंत?

प्रतिसाद २
माझाही होता.