मदत हवी आहे: रोमन ब्राँझ नाणं, धाकटा कॉन्स्टंटाइन की कॉन्स्टँशियस?

लोकहो, नाण्यांतल्या जाणकारांनी जरा प्रकाश टाका. इकडे इंग्लंडात न धुतलेल्या रोमन ब्राँझ नाण्यांचा एक लॉट घेतला, स्वस्तात मिळाला म्हणजे अर्थातच निम्म्या नुसत्या गुळगुळीत चकत्या निघाल्या, पण एका नाण्यावर बरंच काही दिसतंय आणि तिथेच घोडं अडलंय.

व्यास साधारण १६ मिमी, वजन दीड ग्रॅमच्या आसपास. मागच्या बाजूला दोन सैनिक समोरासमोर, एका हातात भाला, दुसरा ढालीवर टेकलेला, मधे एक निशाण. म्हणजे 'ग्लोरिया एक्सर्सिटस' (सैन्याचा गौरव) लिहिलेलं, एवढं कळलं. निशाणं दोन असली तर इ.स. ३३० ते ३३५ आणि एकच असलं तर त्यानंतरचं, असं वाचलंय. सैनिकांच्या पायाखालच्या रेघेखाली एस एम एन, म्हणजे निकोमीडियाची टांकसाळ ना, आत्ताचं तुर्कस्तानातलं इझमित? त्यापुढे त्रिकोणासारखं काहीतरी आहे ते झेपलं नाही.

खरी गोची पुढच्या बाजूला. चेहरा उजवीकडे, डोक्यावर पानांचा मुकुट. अक्षरं अशी: एफ एल असावं, मग मातीचा थर, मग सी ओ एन एस टी ए एन टी आय, मग घासलेलं, शेवटी एन ओ बी सी. आता बाप रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन, त्याची पोरं कॉन्स्टंटाइन, कॉन्स्टँशियस आणि कॉन्स्टन्स, या घरात दुसरं नावच सुचत नव्हतं की काय कोण जाणे! तर हा नेमका कोण? आणि माती कशी काढू? आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली चिंच-मीठ लाव, लख्ख होईल.

प्रतिसाद १
आईंना नमस्कार सांगा, पण चिंच अजिबात नको! आंबट काही लावलंत तर वरचा हिरवा-तपकिरी थर जाईल आणि त्याबरोबर अक्षरंही, कारण या नाण्यांवर उरलेला तपशील बरेचदा त्या थरातच असतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत घाला, पाणी बदलत राहा, टूथपिकने हळूहळू खरवडा.

बाप बाद. एन ओ बी सी म्हणजे नोबिलिसिमस सीझर, आपल्याकडच्या युवराजासारखं पद, बापाच्या नाण्यावर मॅक्स ऑग (मॅक्सिमस ऑगस्टस, म्हणजे थोर सम्राट) असतं. तो मे ३३७ मध्ये गेला आणि सप्टेंबरात तिन्ही पोरं ऑगस्टस झाली, त्यामुळे तुमचं नाणं ३३५ ते ३३७ मधलं. मोठ्या पोराचा, म्हणजे तुमच्या धाकट्या कॉन्स्टंटाइनचा, लेख या प्रकारात थेट नावाने सुरू होतो आणि नावानंतर आय व्ही एन (ज्युनियर) येतं. कॉन्स्टँशियसच्या नावाआधी एफ एल आय व्ही एल (फ्लेवियस ज्युलियस). म्हणजे उत्तर त्या मातीखाली आहे, घासलेल्या जागेत शोधू नका.

त्रिकोणाची आडवी रेघ तळाला असेल तर ग्रीक डेल्टा, टांकसाळीतला चौथा कारखाना. रेघ मधे असेल तर अल्फा, पहिला.

प्रतिसाद २
वर फिकट हिरवी पूड दिसते का बघा, नखाने सुटणारी. असेल तर ब्राँझचा रोग, म्हणजे धातू खात जाणारा गंज, ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. कडक, गुळगुळीत हिरवं असेल तर काळजी नको.

धागाकर्ता
पूड नाहीये, हुश्श. रेघ तळालाच आहे. माती थोडी निघाली, एफ एलच्या पुढे एक उभी दांडी आणि व्हीची डावी बाजू दिसतेय, कॉन्स्टँशियसच धरू ना? रात्री बाजूने टॉर्च मारून फोटो टाकतो.