गणिती मुक्त सॉफ्टवेअरचं मॅन्युअल: कोडमध्येच की वेगळ्या फाइलीत?

अवयव:
गणिताच्या मुक्त सॉफ्टवेअरचं मॅन्युअल लाटेकमध्ये, म्हणजे गणिती मजकूर जुळवायच्या प्रणालीत, वेगळं ठेवायची पद्धत आता सोडावी, असं माझं ठाम मत आहे. सेज या गणिती सॉफ्टवेअरने २००९ मध्ये लाटेक सोडून स्फिंक्स हे दस्तऐवज तयार करायचं साधन धरलं. माहिती फंक्शनच्या डॉकस्ट्रिंगमध्येच, म्हणजे कोडमध्येच लिहिलेल्या वर्णनात असते, तिच्यातूनच वेबपानं आणि पीडीएफ निघतात, आणि उदाहरणं डॉकटेस्ट म्हणून चालवून छापलेलं उत्तरच येतं का ते पाहता येतं. ६० चे अवयव पाडले की २^२ * ३ * ५ असंच छापून आलं पाहिजे, नाहीतर चाचणी नापास. वेगळ्या फाइलीतलं उदाहरण शिळं झालं तरी कुणाला पत्ता लागत नाही. नवशिका ते जसंच्या तसं टाइप करतो, एरर येते, आणि त्याला वाटतं आपल्यालाच गणित कळलेलं नाही. हे मला फार लागतं.

पानोपानी:
असहमत. डॉकस्ट्रिंगा गोळा करून संदर्भसूची होते, मॅन्युअल होत नाही. ग्रोब्नर बेसिस (बहुपदींची समीकरणं सोडवायला सोयीचा संच) काढताना कोणता पदक्रम, म्हणजे बहुपदीतली पदं मांडायचा क्रम, घेतला तर काम लवकर उरकतं, हे कोणत्या फंक्शनखाली लिहिणार? मॅक्सिमा या दुसऱ्या गणिती सॉफ्टवेअरचं मॅन्युअल टेक्सइन्फो या फॉरमॅटमध्ये वेगळं लिहिलेलं आहे. एकाच मूळ मजकुरातून पीडीएफ, एचटीएमएल आणि इन्फो (टर्मिनलमध्ये वाचायची मदत) तिन्ही निघतात, आणि प्रॉम्प्टवर दोन प्रश्नचिन्हं देऊन शब्द लिहिला की तोच मजकूर इंटरनेटशिवाय समोर येतो.

शिवाय डॉकस्ट्रिंगमध्ये सूत्रं लिहिणं जिकिरीचं. सूत्रातली चिन्हं बॅकस्लॅशने सुरू होतात, आणि बॅकस्लॅशनंतर टी आला की पायथन (सेजची प्रोग्रॅमिंग भाषा) त्याला टॅब समजतो. थीटा लिहायला जावं तर टॅब आणि पुढे नुसतं 'हेटा' उरतं.

अवयव:
त्याला डॉकस्ट्रिंगच्या सुरुवातीच्या तीन अवतरणचिन्हांआधी 'आर' लावला की बॅकस्लॅश जसाच्या तसा राहतो, झालं. पदक्रमाचा मुद्दा मात्र मान्य. पण स्फिंक्समध्ये स्वतंत्र प्रकरणंही लिहिता येतात, आणि सेजच्या ट्युटोरियलमधली उदाहरणंसुद्धा तपासली जातात.

शेषबाकी:
फॉरमॅटवर इतकं भांडण कशाला? खरा त्रास सांभाळताना होतो. सेज आतून पारी हे संख्याशास्त्राचं, म्हणजे नंबर थिअरीचं, सॉफ्टवेअर वापरतं. पारीची नवी आवृत्ती घेतली की एखाद्या संख्याक्षेत्राच्या (परिमेय संख्यांत काही मुळं मिसळून केलेल्या संख्यासंचाच्या) एककगटाचे जनक, म्हणजे ज्यांच्या गुणाकार-भागाकारातून तो सगळा गट तयार होतो त्या संख्या, वेगळे येऊ शकतात. गणित दोन्ही वेळा बरोबर, चाचणी मात्र नापास. दशांशातल्या उत्तरांना सहनमर्यादा, म्हणजे किती फरक चालेल ते, देता येते, जनकांना कशी देणार? मग लोक उत्तराऐवजी गुणधर्म तपासतात आणि पानावर फक्त 'ट्रू' (खरं) छापून येतं. वाचणाऱ्याने त्यातून काय शिकायचं?

पानोपानी:
अगदी हेच! चाचणीसाठी लिहिलेलं उदाहरण शिकवायला निरुपयोगी ठरतं. माणसासाठीचं मॅन्युअल माणसाने वेगळं बसून लिहावं.

अवयव:
दोन्ही एकाच डॉकस्ट्रिंगमध्ये वेगळे ठेवता येतात. सेजमध्ये उदाहरणांचा भाग वेगळा आणि चाचण्यांचा वेगळा. चाचण्यांचा भाग एरवी मॅन्युअलमध्ये छापलाच जात नाही. गुणधर्म तिथे तपासा. वर दाखवायला असं उदाहरण निवडा की ज्याचं उत्तर एकच असतं.

शेषबाकी:
पण मग जनक अनेक प्रकारे निवडता येतात, हेच वाचकाला दिसणार नाही. आणि एककगटात कळीची गोष्ट तीच आहे. ते उदाहरणाखाली दोन ओळींत स्पष्ट लिहावंच लागेल. तुम्ही लिहा, गणित मी तपासून देतो.